शुभेच्छा मागायला आलेली मुलगी

2025च्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसानं सकाळपासून झड धरलेली असताना, ती सहाण परत करायला आली. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तीन मुली भाड्यानं राहतात. त्यातली ही एक, म्यानमारची, मंडालेच्या बाजूची. घरून आणलेली तिची दगडी चकती प्रवासात फुटली. तेव्हापासून दर चार-सहा दिवसांनी ती माझी सहाण घेऊन जाते. आजीची सहाण आहे ती, रत्नागिरीहून आलेली, मधोमध खोलगट झालेली. आजी तिच्यावर देवासाठी चंदन आणि बाळांसाठी जायफळ, वेखंड उगाळायची. ही मुलगी थनाखाचं खोड उगाळते आणि दोन्ही गालांवर पिवळसर गोल काढून कॉलेजला जाते. सहाण नेहमी स्वच्छ धुऊन, पुसून आणते, तरी वास राहतोच. चंदनाच्या कुळातला वाटावा असा, पण थोडा हिरवट, ओल्या लाकडाचा. मला तो आवडायला लागलाय. त्या दिवशी सहाण ओट्यावर ठेवून ती तिथेच घुटमळली. मग म्हणाली, "काकू, एक काम है. छोटा काम."

काम खरंच छोटं होतं. 19 जूनला म्यानमारच्या कैदेतल्या नेत्या आँग सान सू ची ऐंशी वर्षांच्या होणार होत्या. ती त्यांना अमे सू म्हणते, म्हणजे सू आई. लंडनमध्ये राहणारा त्यांचा धाकटा मुलगा किम आठ दिवसांत ऐंशी किलोमीटर धावणार होता, आणि जगभरातल्या लोकांकडून शुभेच्छांचे व्हिडिओ मागत होता. या मुलीच्या ओळखीतले लोक तसे व्हिडिओ गोळा करत होते. "मराठीत बोला," ती म्हणाली. "एक मिनिट. बर्मी में नीचे मैं लिख देगी." मी हो म्हटलं. फोन घेऊन खिडकीशी बसले, केस सारखे केले, बटण दाबलं आणि स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत राहिले. बाहेर पन्हाळीतून पाणी कोसळत होतं. तोंडातून शब्द फुटेना. सोळा सेकंदांनी मी बंद केलं आणि म्हटलं, "आज नको गं, पाठवते नंतर." ती "हां काकू" म्हणाली आणि चपला घालून वर गेली. एकोणीस तारीख आली आणि गेली. मी काही पाठवलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

ते सोळा सेकंद अजून माझ्या फोनमध्ये आहेत.

मला शब्द का सुचू नयेत? त्या बाईविषयी बोलायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. रत्नागिरीत वाढलेल्या मुलीला ब्रह्मदेश परका नसतो. शाळेच्या सहलीला थिबा पॅलेस, त्याच्या अर्धगोल सागवानी खिडक्या, आणि इंग्रजांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा थिबा राजा तिथून समुद्राकडे बघत बसायचा ही सांगोवांगीची गोष्ट. राजाची नात आमच्या गावातच म्हातारी झाली, आमच्यासारखंच मराठी बोलायची. आणि ज्या मंडालेहून त्या राजाला आणलं, त्याच मंडालेला टिळक आळीत जन्मलेल्या माणसाला नेऊन ठेवलं, हे तर आम्हाला पाढ्यांसारखं पाठ. लहानपणी मला वाटायचं, तुरुंग म्हणजे समुद्रापलीकडे असतो आणि तो नेहमी दुसऱ्याच्या देशात असतो. स्वतःच्याच घरात कोंडलेल्या माणसाची कल्पना पहिल्यांदा त्या बाईमुळे आली.

1991च्या ऑक्टोबरात नोबेल जाहीर झालं तेव्हा मी नुकती शिक्षिका म्हणून नोकरीला लागले होते. वर्तमानपत्रात फोटो आला होता. केसांत फुलं, ताठ मान, आणि नजर अशी की तिच्यासमोर खोटं बोलवणार नाही. तो कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. डिसेंबरात ऑस्लोला तिच्या वतीनं थोरल्या मुलानं, अठरा वर्षांच्या अलेक्झांडरनं, भाषण केलं. शेजारी चौदा वर्षांचा किम. आई रंगूनच्या तळ्याकाठच्या घरात, दाराशी पहारा, फोनची तार कापलेली. आम्ही सात-आठ जणी त्या काळात एका ओळखीच्या बाईंच्या घरी महिन्यातून एकदा जमायचो आणि जगभरातल्या राजकीय कैद्यांसाठी पत्रं लिहायचो. भाषा मोठी नम्र असायची. 'महोदय, आपल्या सरकारला कळकळीची विनंती' अशा थाटाची इंग्रजी वाक्यं, चांगल्या अक्षरात, रंगूनच्या लष्करशहांच्या पत्त्यावर. उत्तर कधीच आलं नाही. पत्र पोचलं तरी का, हेही कळायचं नाही. तरी पोस्टाच्या लाल पेटीत ते टाकताना हाताला जे वाटायचं ते मला आजही आठवतं. आपण पुण्यातल्या दोन खोल्यांत राहणारी एक बाई, पण तिकडे कुणा जनरलच्या टेबलावर आपल्या अक्षरातला कागद पडणार. त्या कागदाचा त्याला काडीइतका तरी त्रास होणार.

त्या पत्रांनी काय साधलं? कैदेतल्या माणसाला ती दिसत नाहीत. पण 2012मध्ये ती अखेर ऑस्लोला गेली, आपलं राहिलेलं भाषण करायला, तेव्हा तिनं सांगितलं की एकांतवासात कधीकधी आपण खऱ्या जगाचा भागच राहिलो नाही असं वाटायचं, आणि त्या पुरस्कारानं आपल्याला पुन्हा माणसांच्या जगात ओढून घेतलं. हे मी टीव्हीसमोर बसून ऐकलं आणि एकटीच रडले. माझ्या पत्राचा त्यात काही वाटा नव्हता, हे मला कळत होतं. तरी रडले.

मधली वर्षं आठवतात ती तुकड्यांनी. 1995मध्ये सुटका, मग दर शनिवार-रविवारी फाटकावरून लोकांशी बोलणारी ती. 1999चा मार्च मात्र अख्खा आठवतो. तिचा नवरा मायकेल एरिस ऑक्सफर्डमध्ये कर्करोगानं मरत होता आणि लष्कर त्याला व्हिसा देत नव्हतं. तुम्हीच जा ना भेटायला, असं तिला सांगत होतं, आणि गेली तर परत येऊ देणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. ती गेली नाही. 27 मार्चला, स्वतःच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, तो गेला. शेवटची भेट 1995च्या नाताळात झालेली. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, रात्री माझा पदर धरून झोपायचा. मी कपाट उघडून त्या फोटोकडे बघितलं आणि मला तिचा राग आला. मी गेले असते, असं मी मोठ्यानं म्हटलं. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "कुठं?" नंतर कित्येक दिवस तो राग आणि आदर एकमेकांत इतके गुंतलेले होते की कुठला धागा कुठला ते सांगता आलं नसतं. तेव्हा वडिलांनी पत्रात एकच ओळ लिहिली होती, सत्यभामाबाईंची आठवण झाली म्हणून. 1912मध्ये टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना त्या इकडे गेल्या, आणि त्यांना ते तारेनं कळलं. वडिलांनी एवढंच लिहून पुढे आंब्याच्या पेट्या कधी पाठवतो ते लिहिलं होतं.

मग 2017.

ऑगस्टच्या अखेरीपासून चित्रं यायला लागली. नाफ नदीच्या चिखलातून चालणाऱ्या बायका, डोक्यावर पातेली, कडेवर मूल. जळलेली गावं. काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या, म्हणजे म्यानमारमधले अल्पसंख्य मुसलमान, सैन्यापासून पळून बांगलादेशात कॉक्स बझारच्या छावण्यांत पोचले. मी वाट बघत होते. रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर वर्तमानपत्र उघडताना वाटायचं, आज ती बोलेल. सत्तेत होती ती आता. सैन्यावर तिचा ताबा नाही, घटनेनंच तो ठेवलेला नाही, हे सगळं मला माहीत होतं आणि मी ते इतरांना पटवतही होते. पण बोलायला कोण अडवत होतं? जिनं पंधरा वर्षं घरात कोंडून घेतलं आणि एक शब्द मागे घेतला नाही, तिला एक वाक्य बोलता येईना? पुढे 2019च्या डिसेंबरात ती स्वतः हेगला गेली आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपल्या देशाच्या बाजूनं, म्हणजे त्या सैन्याच्याही बाजूनं उभी राहिली. वंशसंहाराचा खटला भरणाऱ्या गांबियानं मांडलेलं चित्र अपुरं आणि दिशाभूल करणारं आहे, असं म्हणाली. एका बंडखोर संघटनेच्या नावाखेरीज 'रोहिंग्या' हा शब्दही तिनं उच्चारला नाही. केसांत तशीच फुलं होती.

फोटो मी त्याआधीच काढला होता. ऑक्सफर्डमधल्या तिच्या जुन्या कॉलेजनं तिचं तैलचित्र दर्शनी भिंतीवरून हलवल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात. सव्वीस वर्षांत कागद इतका पिवळा आणि ठिसूळ झाला होता की काढताना गालापाशी फाटला. कपाटाच्या दारावर चिकटपट्टीचे चार चौकोनी डाग राहिले, ते अजून आहेत. पाठोपाठ ऑक्सफर्ड शहरानं दिलेला सन्मान गेला, अॅम्नेस्टीचा गेला, कॅनडाचं मानद नागरिकत्व गेलं. ते योग्यच झालं असं मला वाटलं. आजही वाटतं. छावणीतल्या बायकांना निदान एवढं तरी जगानं देणं भागच होतं. पण माझ्या फोटो काढण्यात त्या बायका किती होत्या आणि माझी स्वतःची फसवणूक झाल्याचं दुःख किती होतं, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. आपण ज्याला देव्हाऱ्यात बसवतो त्याच्यावर आपण रागावतो तेव्हा तो राग फार आतून येतो, आणि इतर कुणाच्या दुःखाशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

म्हणून 1 फेब्रुवारी 2021ला, सोमवारी सकाळी, लष्करानं पुन्हा सत्ता घेतली आणि तिला पुन्हा पकडलं हे ऐकलं तेव्हा मनात जे पहिलं आलं ते लिहायला जड जातंय. 'बघ आता,' असं आलं. एवढंच. मी टीव्ही बंद केला आणि कुकर लावला. पुढे काय काय आरोप लागले ते ओझरतं वाचत राहिले. परवानगीशिवाय आणलेले वॉकीटॉकी, करोनाचे नियम मोडले, मग भ्रष्टाचार, मग सरकारी गुपितं. बंद दारांआड खटले, वकिलांना बोलायला बंदी. सगळे मिळून 33 वर्षं, मग त्यातली सहा माफ करून 27. 78 वर्षांच्या बाईला 27 वर्षं. हा आकडा मी वाचला आणि पान उलटलं. तीस वर्षांपूर्वी आम्ही ज्या खोलीत जमायचो तिथल्या सगळ्या अजून आहेत, दोघी वगळता. कुणीही कुणालाही फोन करून 'पत्र लिहू या का' असं विचारलं नाही. जगातही फारसं वेगळं झालं नाही. सरकारांनी निषेध केला, निर्बंध लावले, पण तो जुना आवाज, फुलं, फोटो, गाणी, तो कुठल्या गळ्यातून येणार होता? ते गळे आमचेच होते.

या मुलीशी ओळख झाली ती भूकंपामुळे. 2025च्या 28 मार्चला मंडाले-सागाइंग हादरलं आणि जिन्यात बसून ती रडताना मला दिसली. फोन लागत नव्हता. तीन दिवस लागला नाही. मी तिला घरात आणलं, वरणभात जेवू घातला, आणि आम्ही दोघी तिच्या फोनकडे बघत बसलो. हजारो माणसं गेली, पण तिची आई सापडली, रस्त्यावर चटई टाकून राहत होती. त्या तीन दिवसांत ती खूप बोलली, जशी घाबरलेली माणसं बोलतात. कॉलेज लष्कराच्या बंडानंतर सुटलं कारण शिक्षक संपावर गेले. भाऊ सक्तीच्या लष्करभरतीच्या भीतीनं थायलंडला पळाला. आणि बंडाच्या त्या पहिल्या दिवसांत रोज रात्री आठ वाजता लोक घराघरांतून भांडी बडवायचे. त्यांच्याकडे दुष्ट आत्म्यांना घालवायला तसं करतात. तिच्या आईच्या अॅल्युमिनियमच्या पातेल्याला इतके पोचे आले की त्यात भात सगळीकडे सारखा शिजेना. "फिर भी वही पातेला यूज करती है," ती म्हणाली. तेवढं बोलताना पहिल्यांदा हसली.

तर अशा मुलीला मी 'नंतर पाठवते' म्हणाले होते.

जूनच्या शेवटी वडिलांची पुस्तकं वाळवायला काढली. पावसात वास धरतात. एका जुन्या टिळकचरित्रात पेन्सिलनं रेघ मारलेलं पान उघडलं. 1897चा राजद्रोहाचा खटला, दीड वर्षाची शिक्षा, आणि मग इंग्लंडमधून राणीकडे गेलेला अर्ज. त्यावर मॅक्सम्युलरची सही होती, सर विल्यम हंटरची होती, दादाभाईंची होती. मॅक्सम्युलर ऑक्सफर्डचा. तुरुंगात टिळकांना वाचायला ऋग्वेदाची प्रत पाठवणारा. हे सगळं मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलंय. पण त्या दिवशी ओल्या वासाच्या त्या पानावर मी अडखळले, कारण मॅक्सम्युलरनं टिळकांच्या राजकारणाची बाजू घेतली नव्हती. त्याला ते राजकारण पसंत असायचंही कारण नव्हतं. वेदांच्या काळावर लिहिणारा हा अभ्यासक आहे, त्याच्याबाबत दया दाखवा, एवढंच त्याचं म्हणणं. आणि 1898च्या सप्टेंबरात, मुदतीच्या सहा महिने आधी, टिळक अटींवर सुटले. दूर बसलेल्या, मतं न पटणाऱ्या एका म्हाताऱ्या पंडिताची सही त्या सुटकेमागे होती.

पुस्तक उन्हात उपडं ठेवून मी बराच वेळ गच्चीवर बसले. ऊन कसलं, ढगांतून आलेला उजेड नुसता. कॉलेजात असताना टिळकांनी मुलींच्या शिक्षणाविषयी आणि संमतिवयाच्या कायद्याविषयी घेतलेली भूमिका पहिल्यांदा नीट वाचली होती. तेव्हा मी वडिलांशी दोन दिवस भांडले होते. रत्नागिरीच्या घरात, टिळकांच्या तसबिरीखाली. माझ्या आजीचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं, आणि त्या माणसानं त्या कायद्याला विरोध केला, तुम्ही हार कसला घालता, असं मी म्हणाले होते. ते भांडण मिटलं नाही. मी माझं मत अजून बदललेलं नाही. पण 1908ची सहा वर्षांची शिक्षा बरोबर होती असं मला एक क्षणही वाटलेलं नाही. गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस मुंबई बंद ठेवली हे शिकवताना माझा आवाज दर वर्षी भरून यायचा. टिळकांवरचा माझा राग आणि टिळकांच्या तुरुंगाविषयीचा माझा राग, हे दोन्ही एका मनात चाळीस वर्षं सुखानं नांदले. मग त्या बाईच्या बाबतीत जागा का अपुरी पडली?

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मला माहीत आहे. टिळक सत्तेत नव्हते. लाखो माणसांना घराबाहेर काढणाऱ्या सैन्याची त्यांनी न्यायालयात वकिली केली नाही. सू ची यांनी ती केली, आणि कुठल्याही तुलनेनं ते पुसलं जाणार नाही. 2020ची जी निवडणूक त्यांच्या पक्षानं एवढ्या बहुमतानं जिंकली, त्या निवडणुकीतही रोहिंग्यांना मत नव्हतं. पण त्यांना तुरुंगात कशासाठी टाकलं? रोहिंग्यांसाठी? 2017मध्ये त्या सैन्याचा सरसेनापती मिन आँग हाइंग होता, आणि त्यांना तुरुंगात घालणाराही तोच. गावं जाळणाऱ्या सैन्याचा तेव्हाचा प्रमुखच आज कुलपाची किल्ली घेऊन बसलाय. ज्या गुन्ह्यासाठी मी त्या बाईवर रागावले, त्या गुन्ह्याचा मुख्य धनी मोकळा आहे, आणि माझ्यासारख्यांच्या गप्प बसण्याचा फायदा फक्त त्याला होतो. हे मला चार वर्षं दिसलं नाही, कारण मी त्या बाईकडेच बघत बसले होते.

आपल्या देशाचंही या बाबतीत असंच काहीसं झालेलं आहे. दिल्लीत शिकलेली, लेडी श्रीराममधून पदवी घेतलेली ही बाई. आई इथे ब्रह्मदेशाची राजदूत. 1993चा नेहरू पुरस्कार आपण दिला. मग ईशान्येची सीमा, बंडखोर, चीन, अशी कारणं येत गेली आणि आपण लष्कराशी हस्तांदोलन केलं. 2012मध्ये दिल्लीत नेहरू व्याख्यानात त्यांनीच हे बोलून दाखवलं, की सगळ्यात कठीण दिवसांत भारत आमच्यापासून दूर गेला याचं दुःख वाटलं. आणि 2022च्या डिसेंबरात सुरक्षा परिषदेनं ठराव केला, हिंसा थांबवा, सू ची आणि अध्यक्ष विन मियंट यांना सोडा. बारा मतं बाजूनं, विरोधात एकही नाही. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद भारताकडे होतं. चीन आणि रशियाबरोबर भारत तटस्थ राहिला. शांतपणे, मागच्या दारानं बोलावं, जाहीर ठरावानं उपयोग होत नाही, असा त्यामागचा विचार असतो हे मला कळतं. मिझोरमनं हजारो निर्वासितांना घरात घेतलं, तेही याच देशातलं राज्य. तरी त्या तटस्थ मताविषयी मला आता फार कठोर लिहवत नाही, कारण माझ्या फोनमध्येही सोळा सेकंदांचं एक तटस्थ मत आहे.

मी एका संध्याकाळी वर गेले. ती खोबरेल तेलात लसूण तळत होती आणि खोलीभर त्याचा वास होता. चहाच्या मुरवलेल्या पानांची कोशिंबीर करणार होती, भुईमूग आणि तीळ घालून. मला पाटावर बसवलं. मी सरळच विचारलं, "मी का बोलले नाही ते तुला कळलं होतं का?" ती लसूण निथळत म्हणाली, कळलं होतं. बाहेरची बरीच माणसं तशीच थांबतात. 2017मध्ये ती पंधरा वर्षांची होती, आणि तिच्या शाळेत सगळे अमे सूच्याच बाजूनं, रोहिंग्या खोटं बोलतात असंच सगळे म्हणायचे. तीही म्हणायची. मग 2021च्या मार्चमध्ये तिच्या स्वतःच्या गल्लीत सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि सरकारी टीव्हीवर रात्री सांगितलं की असं काही झालंच नाही. "तब समझा, काकू. उनके साथ भी यही हुआ होगा." त्या दिवसांत तिच्या वयाच्या कितीतरी मुलांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. तिनंही लिहिलं होतं, मग भीतीनं पुसलं.

"तरी तू तिच्यासाठी व्हिडिओ गोळा करतेस?" मी विचारलं.

"नाराज तो मैं भी हूँ," ती म्हणाली. "मिलेगी तो पूछूँगी. लेकिन पूछने के लिए बाहर तो आना चाहिए ना." मग मी विचारलं, तू स्वतःचा व्हिडिओ केलास का? तिनं मान हलवली. नाही. आई तिकडे आहे. चेहरा दिसला, आवाज ओळखला, तर आईच्या दारात माणसं येतील. म्हणून ती खालच्या मजल्यावर आली होती. जिच्या आईच्या दारात कुणी येणार नाही अशा बाईकडे.

कोशिंबीर आंबट, तुरट, कुरकुरीत होती. माझ्या जिभेला ती चव नवीन होती आणि पहिल्या दोन घासांना आवडली नाही. तिनं सांगितलं की रंगूनमधलं तळ्याकाठचं ते घर 2024मध्ये कोर्टानं लिलावाला काढलं होतं. फाटकासमोर हातोडा घेऊन माणूस उभा राहिला, किंमत पुकारली. एकही बोली आली नाही. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. एवढी किंमत द्यायला कुणाकडे पैसे नाहीत हेही खरं असेल. पण तिनं ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. 54, युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यू. हा पत्ता मी स्वतः कितीदा वाचला असेन. त्या घरात पियानो होता, तो ओलीनं बेसूर झाला, रेडिओवर ती बातम्या ऐकायची. 2025मध्ये ती तिथेही नव्हती. कुठे आहे हे नीट तिच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. 2024च्या सुरुवातीला तिच्या हातचं एक पत्र त्याला मिळालं, तेवढंच.

व्हिडिओ मी जुलैमध्ये केला, वाढदिवस होऊन महिना उलटल्यावर. पहिली अडचण हाक काय मारायची ही. ती मुलगी अमे म्हणते, ते मला म्हणता येईना. माझी आई वेगळी. ताई म्हणावं तर तेवढी जवळीक आता राहिलेली नाही. शेवटी 'बाई' म्हटलं. आम्ही शाळेत म्हणायचो तसं, आणि पुढे तीस वर्षं मुलं मला म्हणत आली तसं. त्या शब्दात धाकही असतो आणि जिव्हाळाही, आणि बाईंचं चुकलं तर हात वर करून 'बाई, फळ्यावर चुकलंय' असं सांगायची सोयही असते. पुन्हा खिडकीशी बसले. पाऊस त्या दिवशी नव्हता, समोरच्या गुलमोहरावर कावळा ओरडत होता, तो आवाजही आलाय.

"बाई, तुम्ही ऐंशी वर्षांच्या झालात. मी पुण्याची, मूळची रत्नागिरीची. तुमचा एक राजा आमच्या मातीत आहे. तुमच्यासाठी मी पूर्वी पत्रं लिहीत होते, मग थांबले, कारण मला तुमचा राग आला. तो गेलेला नाही. कॉक्स बझारच्या छावणीत ज्या बायका आहेत, त्यांना तुम्ही एक उत्तर देणं लागता. ते द्यायला तुम्ही बाहेर यायला हव्या. ज्यांनी तुम्हाला आणि तुमच्याबरोबर हजारो मुलांना कोंडलंय, त्यांनी तुम्हाला सोडलंच पाहिजे. दात दुखत असतील तर मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. प्रकृतीला जपा."

दातांचं का बोलले मलाच कळलं नाही. कुठेतरी वाचलं होतं की तिला दाढांचा त्रास आहे. पुसून पुन्हा करावं असं मनात आलं, पण केलं नाही. छप्पन्न सेकंद.

ती संध्याकाळी आली तेव्हा दाखवला. मराठी तिला फारसं कळत नाही. 'रत्नागिरी' कळलं, 'कॉक्स बझार' कळलं, त्या शब्दाला तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फोनकडे. मग म्हणाली, धीरे-धीरे बताओ, लिखना है. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहिलो. मी एकेक वाक्य तोडक्यामोडक्या हिंदीत सांगत होते, ती अंगठ्यानं तिची गोल गोल अक्षरं उमटवत होती. रागाच्या वाक्यापाशी ती थांबली. मला वाटलं, ते काढून टाक म्हणेल. "नाराज के लिए छोटा वाला शब्द लिखूँ कि बड़ा वाला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मोठा. तिनं मोठा लिहिला. मिठाच्या पाण्याचंही लिहिलं. फोन खिशात टाकून तिनं फडताळातून सहाण काढली, ओढणीत गुंडाळली आणि दिवेलागणीच्या आत जिना चढून वर गेली.